मधला माणूस

आमच्या गावच्या घरात माजघराच्या दाराशेजारी एक तार टांगलेली आहे. वरच्या टोकाला वाकवून केलेला आकडा, खालच्या टोकाला लाकडाची चकती, आणि मध्ये एकावर एक ओवलेली कागदांची चळत. साऱ्याच्या पावत्या आहेत, मनीऑर्डरींची कुपने आहेत, कार्डे आहेत, आणि अगदी तळाशी मोडीत लिहिलेले, कडा झिजून गेलेले काही कागद आहेत. आजोबांनी ही तार लावली. त्यांच्यामागे तात्यांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती भरत नेली. माझ्या हातून तिच्यात एक कागदही ओवला गेला नाही.

गेल्या मे महिन्याच्या सुटीत मी ती खाली उतरवली आणि ओटीवर पसरून बसलो. माझी तेरा वर्षांची मुलगी शेजारी येऊन टेकली. बराच वेळ ती कागद उलटेपालटे करीत राहिली आणि मग तिने विचारले, "बाबा, एवढं सगळं सेव्ह कुणी करून ठेवलं?"

"पणजोबांनी."

"कशात?"

"तारेत," मी म्हटले. आम्ही दोघेही हसलो. पण तिचा प्रश्न मला सुटीभर पुरला.

मी पेशाने शाळामास्तर. शिक्षण दहावीपुरते, ज्याला आमचे तात्या अजून अभिमानाने मॅट्रिक म्हणतात. पुढे चित्रकला-शिक्षकाचा अभ्यासक्रम केला, ठाणे जिल्ह्यातल्या एका शाळेत चिकटलो आणि फावल्या वेळात चार कादंबऱ्या लिहिल्या. तेव्हा इतिहासावर अधिकाराने बोलणारा मी नव्हे. परंतु पालकसभेत बसून बसून दोन प्रकारची भाषणे मला पाठ झाली आहेत. एक म्हणतात, या मोबाइलने आजी आणि नातू यांच्यात भिंत उभी केली. दुसरे म्हणतात, छे, या मोबाइलनेच अमेरिकेतला नातू आजीच्या मांडीवर आणून बसवला. दोघेही इतक्या खात्रीने बोलतात की आपण गप्प बसावे. यंदा दिवाळीच्या निमित्ताने मनात आले, की याच प्रश्नाकडे जरा मागे जाऊन पाहावे. पूर्वी दूर गेलेल्या माणसांशी घरची म्हातारी माणसे बोलत तरी कशी होती?

श्रीमंतांचे उदाहरण आधी घेऊ, कारण कागद त्यांचेच उरतात. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांनी पानिपतात एक मुलगा गमावला, थोरले माधवराव क्षयाने गेले आणि धाकटे नारायणराव १७७३ साली शनिवारवाड्यात मारले गेले. नारायणरावांचा मुलगा सवाई माधवराव १७७४ साली पुरंदरावर जन्मला, तो बापाचे तोंड न पाहताच. ही आजी नाशिकजवळ गंगापुरास राहत होती आणि नातू पुण्यास कारभाऱ्यांच्या गराड्यात वाढत होता. या नातवासाठी आजीने उपदेश लिहून पाठवला. कसे वागावे, दिवस कसा घालवावा, वडीलधाऱ्यांशी आणि चाकरमाणसांशी कसे असावे, असा. राज्य होते, दौलत होती, पण नातवाला चार शब्द सांगायचे तर आजीला कागदच धरावा लागला. आणि तो कागद कुणातरी जासुदाच्या कमरेला बांधून पुण्याला पोचता करावा लागला. आजी आणि नातू यांच्यात एक मधला माणूस होताच.

हे झाले पेशव्यांचे. त्या काळात आमच्यासारख्यांचे पूर्वज जेव्हा दूरदेशी मोहिमेवर जात, तेव्हा त्यांच्या आयांना काय कळत होते? जो परत येई तो सांगे. जो परत येत नसे त्याचे दुसरा कुणी सांगे. काही वेळा ते सांगायलाही कुणी नसे. गरिबाच्या घरी पत्र नव्हते, कारण पत्र पाठवायचे म्हणजे माणूस पाठवायचा, आणि माणूस पाठवणे गरिबाला परवडत नाही.

आणि जे कागद लिहिले गेले त्यांचे तरी काय झाले? इतिहासाचार्य राजवाडे यांनी गावोगाव वणवण करून जुनी दप्तरे गोळा केली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि पुढे बावीस खंड झाले. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. पण राजवाडे पोचण्याआधीच कितीतरी रुमाल वाळवीने खाल्ले, कितीतरी वाण्याच्या पुड्यांना गेले आणि कितीतरी घरच्यांनीच जाळले. मोडी वाचणारे घरात कुणी उरले नाही, की कागद म्हणजे अडगळ. पिढ्यांमधला दुवा अंतराने तुटतो तसा लिपीनेही तुटतो, हे तेव्हापासूनचे आहे.

गरिबाच्या घरात पत्र शिरले ते इंग्रजी अमदानीत. १८५४ साली साऱ्या हिंदुस्थानसाठी एकच टपालदर ठरला. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा. मग ते शेजारच्या तालुक्यात जावो की पेशावरास. त्याच साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापडगिरणी काढण्याची कंपनी स्थापन केली आणि १८५६ मध्ये ती गिरणी चालू झाली. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नव्हता. आमच्या कोकणाच्या नशिबात मात्र दोन्ही एकदम आल्या. गिरणीने घरातला कर्ता पुरुष नेला आणि टपालाने त्याचा निरोप आणून दिला. पुढे १८७९ साली पाव आण्याचे पोस्टकार्ड निघाले आणि १८८० साली टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली. कोकणातली कितीतरी घरे त्यानंतर शंभर वर्षे मनीऑर्डरीवर जगली असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

आमचे आजोबा अठराव्या वर्षी मुंबईस गेले आणि लालबागच्या बाजूला एका गिरणीत लागले. गाववाल्यांच्या खोलीत पथारी टाकायची, खानावळीत जेवायचे आणि महिन्याच्या महिन्याला घरी मनीऑर्डर धाडायची. ज्यांनी मनीऑर्डरीचा फॉर्म हाताळला असेल त्यांना आठवेल, की त्याच्या एका बाजूला निरोपासाठी थोडी जागा असे. तेवढा तुकडा पैसे घेणाऱ्याजवळ राही. आमच्या तारेवर अशी पुष्कळ कुपने आहेत. त्यांवरचा मजकूर वाचला की माझ्यातल्या कादंबरीकाराला लाज वाटते. "पैकी दोन रुपये गुरवास द्यावे. म्हशीला पेंड घालावी. धाकट्यास शाळेत घालावे. मी खुशाल." नवरा-बायकोचा अडतीस वर्षांचा संसार अशा बोटभर कागदांवर चालला. त्यात कुठेही प्रेम हा शब्द नाही आणि एकाही महिन्याचा खंड नाही.

मात्र हे पत्र म्हणजे आजोबांचे बोलणे आणि आजीचे ऐकणे असे समजू नये. आजीला अक्षर येत नव्हते. पोस्टमन यायचा, पायरीवर बसायचा, पाणी प्यायचा, पैसे मोजून द्यायचा, अंगठा घ्यायचा आणि निरोप वाचून दाखवायचा. मोठे पत्र आले तर गावचे गुरुजी वाचीत, कारण आजोबा सुरुवातीला मोडीत लिहीत आणि पोस्टमनला मोडी येत नसे. म्हणजे नवऱ्याने बायकोला लिहिलेले पत्र आधी गुरुजींना कळे, मग ऐकायला जमलेल्या चार बायांना, आणि मग आजीला. उत्तरही तसेच उलट्या वाटेने जाई. आजी सांगे, गुरुजी लिहीत. आजी काय सांगे आणि गुरुजी काय लिहीत याचा हिशेब कुणी ठेवला नाही. "साष्टांग नमस्कार विनंती विशेष" असे आमची आजी जन्मात कधी बोलली नसेल. पण तिच्या प्रत्येक पत्राचा मायना तोच आहे.

तार ही तर आणखी निराळी चीज. गावात तारवाला दिसला की बायका कागद उघडण्याआधीच रडायला सुरुवात करीत. मौज अशी, की या भयंकर तारेलाही एक सणासुदीचे रूप होते. टपालखात्याने शुभेच्छांची ठराविक वाक्ये छापून त्यांना क्रमांक दिले होते. क्रमांक एक म्हणजे दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा. तुम्ही फक्त आकडा सांगायचा. पलीकडे सबंध वाक्य उमटे. आज सकाळी उठल्याबरोबर मोबाइलवर पणतीचे तेच चित्र आणि तेच वाक्य वीस जणांकडून आले की आपण म्हणतो, काय हे दिवस आले! पण तयार शुभेच्छा पाठवण्याचा आळस आपल्या आईबापांनाही होता. फरक इतकाच, की त्यांना त्या आळसाचे पैसे पडत.

ती तारसेवा २०१३ च्या जुलैत कायमची बंद झाली. जुन्या पद्धतीची मनीऑर्डरही २०१५ साली संपली. गिरण्या त्याआधीच संपल्या होत्या. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसे घरी बसली आणि त्यांतली पुष्कळशी पुन्हा कामावर गेलीच नाहीत. आमचे आजोबा वर्षभर वाट पाहून गावी परतले आणि सहा वर्षांनी गेले. मुंबईत उरले ते माझे धाकटे चुलते, नाना. आणि गुरुजींची जागा तोवर माझ्याकडे आली होती.

इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी आजवर कुठेही लिहिली नाही.

१९९१ सालची गोष्ट. मी दहा वर्षांचा होतो, पाचवीत होतो आणि माझे अक्षर चांगले होते. त्यामुळे आमच्या वाडीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांची पत्रे माझ्या हातची जात. लोक म्हणतात, तुम्ही लेखक कसे झालात? मी तिथे झालो. दुसऱ्याच्या मनातले आपल्या शब्दांत घालायचे ही विद्या मला त्या ओटीवर मिळाली, आणि तिचा पहिला दुरुपयोगही मी तिथेच केला.

त्या वर्षी घराची कौले बदलायची होती. त्यावरून तात्यांचे आणि नानांचे बिनसले होते. तात्यांचे म्हणणे, घर दोघांचे तर खर्चही दोघांनी द्यावा. नानांचे म्हणणे, मी मुंबईत भाड्याच्या खोलीत राहतो, दर महिन्याला पैसे धाडतो, आणखी कुठून आणू? गणपती तोंडावर आले होते. आजीने मला हाक मारली आणि अंतर्देशीय पत्र समोर ठेवले. ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. गाय व्याली, शेजारच्या वयनीचा पाय मोडला, भात बरे आहे, असे करता करता पत्र भरत आले आणि तळाशी तीन बोटे जागा राहिली. तेव्हा आजी जरा थांबली आणि म्हणाली, "आता त्याला लिव, घर दोघांचं हाय. कौलं घालायची तर घाल, नको तर नको. गणपतीला दार उघडं हाय. तू ये."

त्याच दिवशी सकाळी तात्यांनी मला बजावले होते, "कौलांच्या पैशांचं लिहायला विसरू नकोस." बाहेर अंगणात पोरांचा चेंडूफळीचा डाव मांडला जात होता आणि मला हाका येत होत्या. तीन बोटे जागेत दोन्ही मावणार नव्हते. मी लिहिले, "कौलांचे पैसे लवकर पाठवावे. बाकी सर्व क्षेम. कळावे."

आजी म्हणाली, "वाच बघू."

मी वाचून दाखवले. गाय वाचली, वयनीचा पाय वाचला, भात वाचले. आणि शेवटी पत्राकडे पाहत पाहत, जे लिहिलेच नव्हते तेही वाचले. घर दोघांचं हाय, गणपतीला दार उघडं हाय, तू ये. आजीने मान हलवली, जिभेने पत्र ओले करून चिकटवले आणि मी डावावर पळालो.

नाना त्या वर्षी गणपतीला आले नाहीत. पुढल्या वर्षी नाहीत आणि त्याच्या पुढल्या वर्षीही नाहीत. पैसे नेमाने येत. आजीने मला त्यांना पुन्हा 'ये' म्हणून लिहायला सांगितले नाही. एकदा आई म्हणाली, "आत्ये, भावजींना परत एकदा लिहू या." त्यावर आजी म्हणाली, "बोलावणं एकदाच करतात. आलं त्याचं घर." १९९४ च्या पावसाळ्यात ती गेली. तार केली, पण घाटात दरड कोसळलेली. नाना पोचले ते तिसऱ्या दिवशी. रात्री ओटीवर ते तात्यांना म्हणाले, "दादा, आईनं एकदा तरी 'ये' म्हणायला हवं होतं रे." मी दाराआड होतो. तेरा वर्षांचा होतो, सारे समजत होतो, आणि तरीही बाहेर आलो नाही.

माझ्या त्या तीन ओळींमुळेच भाऊ भावाला दुरावला असे मी म्हणत नाही. कौलांचा राग होता, मानापमान होता, आणि मुंबईहून राजापूरला येण्याचा खर्चही होता. एखाद्या गोष्टीचे खापर एकाच कागदावर फोडणे हे इतिहासात चुकीचे ठरते, तसे ते घरातही चुकीचेच. पण तो कागद माझा होता एवढे खरे.

पुढे साधने भराभर बदलत गेली. आपल्याकडे टेलिफोन तसा जुना, मुंबईत १८८२ सालीच आला. पण गावापर्यंत यायला त्याला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. आधी ट्रंक कॉल लावून तास तास बसायचे. मग एस.टी.डी.च्या पिवळ्या पाट्या नाक्यानाक्यावर आल्या. रात्री दर उतरले की तिथे रांग लागे आणि आत बोलणाऱ्याची नजर बोलण्यापेक्षा समोरच्या लाल आकड्यांवर जास्त असे. ३१ जुलै १९९५ रोजी ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला. त्या काळी येणाऱ्या फोनालाही पैसे पडत. ते २००३ साली थांबले. गरिबाने त्यातही वाट काढली. एक घंटी वाजवून ठेवली तर "पोचलो", दोन वाजवल्या तर "तू कर." मनीऑर्डरीच्या कुपनाइतकाच काटकसरीचा हा निरोप, आणि तोही फुकट.

फोनने एक मोठी गोष्ट केली. मधला माणूस काढून टाकला. पोस्टमन गेला, गुरुजी गेले, मीही गेलो. पण त्याबरोबर तारही रिकामी राहू लागली. बोलणे झाले, हवेत विरले. आमच्या तारेवरचा शेवटचा कागद २००१ सालचा आहे.

त्यानंतर २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट मातीमोल झाले आणि दोन वर्षांत आमच्या वाडीत घरोघर मोठ्या काचेचे फोन झाले. तेव्हा मी आईला एक घेऊन दिला. आई दुसरीपर्यंत शिकलेली. तिला बाराखडी येते, पण माझ्या पुतणीने पाठवलेला निरोप वाचता येत नाही, कारण पुतणी मराठी लिहिते ती इंग्रजी अक्षरांत. मोडी गेली तेव्हा नातवाला आजोबांचे पत्र वाचता येईना. आता आजीला नातीचे वाचता येत नाही. पारडे उलटे झाले इतकेच.

मग एक दिवस माझ्या मुलीने आजीला व्हॉट्सॲपवरचे ते ध्वनिमुद्रणाचे चित्र दाखवले. बोट दाबून धरायचे, बोलायचे, बोट सोडायचे. ही सोय २०१३ पासूनची आहे; आमच्या घरात ती चार वर्षांनी पोचली. आई आधी लाजली. मग तिने फोन तोंडाजवळ धरला, आणि पहिल्याच खेपेला सलग सहा मिनिटे बोलली. फणस किती लागलेत, कुणाची सून माहेरी गेली, सांध्यांना कुठले तेल लावले. तो निरोप ऐकताना माझ्या लक्षात आले, की आमच्या घराण्यात बाईने दूरच्या माणसाला, तिला हवे तेव्हा, तिच्याच शब्दांत आणि मधे कुणालाही न घेता निरोप पाठवण्याची ही पहिली वेळ आहे. फोनवर ती बोलली होती, पण तेव्हा पलीकडल्याची घाई असे. ही तिची स्वतःची चिठ्ठी होती. तिचा मायना "अरे ऐक" असा होता. आजीच्या हाती हे असते तर! असे मनात आले आणि त्या रात्री मला झोप लागली नाही.

२०२० साल उजाडले. मार्चमध्ये टाळेबंदी झाली. ऑगस्टात गणपती आले, पण विलगीकरणाच्या अटी, प्रवासाचे परवाने आणि जिवाची भीती यांमुळे निम्मे चाकरमानी मुंबईतच अडकले. नाना तोवर पंच्याहत्तरीला आलेले. आजी गेल्यानंतर ते आणि तात्या हळूहळू बोलू लागले होते आणि नाना गणपतीला येतही होते. त्या वर्षी मात्र कुणालाच जाता आले नाही. आईने फोन गणपतीसमोर समईला टेकवून ठेवला आणि आम्ही सगळ्यांनी आपापल्या खोल्यांतून आरती म्हटली. आवाज मागेपुढे होत होते; नानांची 'जय देव' आमच्या 'जय देव'च्या मागून येत होती. नाना मध्येच थांबले आणि पडद्यावर घराचे दार दिसत होते तिकडे पाहत राहिले.

त्या रात्री मी गच्चीवर गेलो, बोट दाबून धरले आणि नानांना सारे सांगितले. अंतर्देशीय पत्र, तीन बोटे जागा, चेंडूफळी, वाचून दाखवलेले खोटे. समोरासमोर बोलायची छाती नव्हती. फोनवर त्यांनी मध्येच अडवले असते तर मी थांबलो असतो. सात मिनिटे झाली. सोडले. दोन निळ्या खुणा उमटल्या. रात्रभर काही नाही.

सकाळी त्यांचे उत्तर आले. अगदी लहान होते. "ती नेमकं काय म्हणाली होती ते परत सांग. तुझ्या भाषेत नको. तिच्या."

मी सांगितले. घर दोघांचं हाय. कौलं घालायची तर घाल, नको तर नको. गणपतीला दार उघडं हाय. तू ये. एकोणतीस वर्षे उशिरा तो निरोप पत्त्यावर पोचला.

नाना त्यावर मला कधीच काही बोलले नाहीत. त्यांच्या नातीने माझ्या मुलीला सांगितले, की आजोबांनी तो निरोप पुन्हा पुन्हा कसा ऐकायचा ते शिकून घेतले आहे आणि सकाळच्या चहाआधी ते तो ऐकतात.

दोन वर्षांनी त्यांचा फोन पाण्याच्या बादलीत पडला. दुरुस्तीवाल्याने फोन चालू करून दिला, पण आतले सारे गेले होते. नानांनी मला फोन केला, "ते जरा परत पाठव." मी माझ्या फोनात शोधले. नव्हते. सहा महिन्यांपूर्वी फोन भरला म्हणून मी मागचे सारे पुसून टाकले होते. आणि तो कशाने भरला होता म्हणाल, तर गुलाबाच्या फुलांनी आणि सुप्रभातांनी. राजवाड्यांच्या आधी दप्तरे पुड्यांना गेली, माझ्या घरातले दप्तर शुभेच्छांनी खाल्ले.

"पुन्हा बोलून पाठवतो," मी म्हटले.

"नको," नाना म्हणाले. "या खेपेला लिहून पाठव. मला दिसतं अजून."

मी टपाल कचेरीत गेलो. पोस्टकार्ड मागितले तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी माझ्याकडे पाहिले आणि बऱ्याच खाली असलेल्या खणातून गठ्ठा काढला. पन्नास पैसे. पाव आण्यापासून एवढ्या वर्षांत पोस्टकार्ड वाढून वाढून पन्नास पैशांवर आले आहे. मी आजीची चार वाक्ये तिच्या बोलीत लिहिली. खाली कार्डावर पुष्कळ जागा उरली. ती तशीच सोडली.

नानांनी त्या कार्डाला भोक पाडून ते खिळ्याला अडकवले आहे असे कळते.

तर वाचकहो, मोबाइलने पिढ्या जोडल्या की तोडल्या, या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नाही. इतके मात्र दिसते, की प्रत्येक साधनाने एक दिले आणि एक नेले. पत्राने कागद दिला, पण अक्षर नसलेल्या आजीला दुसऱ्याच्या तोंडाने बोलायला लावले. फोनने तिला स्वतःचा आवाज दिला, पण तो आवाज ठेवायचा कुठे ते सांगितले नाही. ठेवण्याचे काम कुठलेच साधन आपण होऊन करीत नाही. ते तारवाल्या आजोबांसारखे कुणीतरी घरात बसून करावे लागते. हा दिवाळी अंकच पाहा. १९०९ साली 'मनोरंजन' मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासूनचे अंक आज आपल्याला वाचायला मिळतात ते छापले म्हणून नव्हे, तर कुणाच्या तरी आजोबांनी ते रद्दीत जाऊ दिले नाहीत म्हणून.

माझ्या मुलीने मे महिन्यापासून एक वही केली आहे. आजीचे बोललेले निरोप ऐकायचे आणि बाळबोधीत, आजीच्या बोलीत, जसेच्या तसे उतरवायचे. शेतांची नावे, चावदिसाला करायच्या पोह्यांचे प्रकार, कारीट कुठल्या पायाखाली फोडायचे ते, आणि पणजी कशी होती ते. मी वहीत हात घालीत नाही. शुद्धलेखनही तपासत नाही. मास्तराला हे किती जड जाते ते मास्तरच जाणे.

परवा आई आमच्याकडे आली. रात्री जेवणे झाल्यावर नातीला जवळ बसवून म्हणाली, "एवढं लिहिलंस, वाच बघू."

मुलीने वही उघडली आणि वाचू लागली. मी हळूच उठलो, तिच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि तिच्या खांद्यावरून वहीत पाहत राहिलो. ओळ अन् ओळ पाहिली. जे लिहिले होते तेच ती वाचीत होती.